आरसा आणि पाठीवरचा हात

आमच्या व्यायामशाळेत सुरुवातीची काही वर्षे आरसा नव्हता. सुरतेत उधन्यातल्या एका बंद पडलेल्या संचेखात्याची ती शेड होती. खान्देशातून येऊन संच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, राबणाऱ्या माणसांनी मालकाकडून ती मागून घेतली होती. पूर्वी जिथे संचे रोवलेले होते तिथली भोके सिमेंटने बुजवली होती आणि अनवाणी पायांना ती गोल ठिगळे लागत. दोन बार, हाताने ओतलेल्या वाटाव्यात अशा ओबडधोबड प्लेटा, दोन बाकडी, मारुतीची तसबीर आणि पाण्याचा माठ, एवढेच सामान होते.

नव्वदीच्या दशकात मी पंचविशीच्या आसपास होतो. वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही सुरतेत आलो होतो. बी.कॉम. झाल्यावर मी एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, तयार साड्यांच्या तपासणीवर लागलो. दिवसभर टेबलावरून साडी ओढायची आणि रंगाचा डाग, छपाईचा सरकलेला ठसा, तुटलेला धागा शोधायचा. दोष दिसला की खडूने खूण करायची. माझी नजर चांगली आहे असे सगळे म्हणत, आणि मीही म्हणत असे.

व्यायामशाळा वस्ताद चालवत. तरुणपणी ते जळगावकडच्या तालमीत कुस्ती खेळलेले होते आणि सुरतेत जॉबर म्हणून संचे दुरुस्त करत होते. त्यांचा एक नियम होता. एकट्याने वजनाला हात लावायचा नाही, प्रत्येकाला जोडीदार हवा. एक जण जमिनीवरून बार उचलू लागला की दुसऱ्याने त्याच्या डाव्या बाजूला उभे राहून त्याच्या कमरेच्या जरा वर तळहात ठेवायचा. हात नुसता टेकलेला असेल तर पाठ ठीक आहे. एक थाप बसली तर कंबर खाली घ्यायची. दोन थापा बसल्या तर बार तिथेच सोडून द्यायचा, का म्हणून विचारायचे नाही.

ही पद्धत नुसती हौसेची नव्हती. संच्यांच्या खडखडाटात बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांचे कान लवकर मंदावतात. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना ओरडून सांगितले तरी नीट ऐकू येत नसे, आणि वजन हातात असताना तर मुळीच नाही. म्हणून सूचना कातडीवरून द्यायची. मला पहिल्यांदा हे गावंढळ वाटले. इतर शहरांतल्या व्यायामशाळांची छायाचित्रे मी पाहिली होती आणि त्यांत चारी भिंतींना आरसे होते.

माझा जोडीदार माझ्याच वयाचा होता. दिंडोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत तो बायको आणि लहान मुलीसह राहत असे आणि एका खात्यात बारा संचे सांभाळत असे. घरी आणि आमच्यातही तो अहिराणीच बोले. एका संच्यावर धागा तुटला तर इतर अकरा संच्यांच्या आवाजात त्याला ते कसे कळते, असे मी एकदा विचारले. त्याने खांदे उडवले. "हातले समजस," म्हणाला. हाताला समजते. त्याची उचल आमच्यात सर्वांत स्वच्छ होती. बार त्याच्या नडग्यांना जवळजवळ घासत वर येई आणि पाठ फळीसारखी राही. माझ्या तळहाताला तिच्यात कधी काही सुधारावे लागले नाही.

माझे तसे नव्हते. खांद्यांवरून बार वर ढकलताना माझा डावा हात मागे राही. जोडीदार सांगे, वस्ताद सांगत, पण मला ते जाणवत नसे. मला वाटे, एकदा डोळ्यांनी पाहिले तर पटेल. हे खरे कारण होते. दुसरेही एक होते आणि ते मी त्या वेळी स्वतःलाही सांगितले नाही. माझे खांदे भरू लागले होते, आणि घरातल्या आरशात मला माझा चेहरा आणि गळ्याची हाडे यांपलीकडे काही दिसत नसे.

रिंग रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची नवी सजावट चालली होती. आमच्याकडून तिथे माल जाई, त्यामुळे दुकानाच्या शेठशी माझी ओळख होती. बाया साडी अंगावर लावून बघतात तसले दोन उंच आरसे त्यांनी बाहेर काढून ठेवले होते. मी मागितले तेव्हा ते हसले. "लई जाओ भाई. आमां तो गमे तेवी साडी सारी देखाय." यात कसलीही साडी चांगलीच दिसते. मीही हसलो आणि हातगाडी बोलावली.

वस्तादांना आरसे नको होते.

"समोर लावशील तर समोरचंच दिसंल," ते म्हणाले. "पाठ कोण दाखवंल?"

"दुसरा उजव्या भिंतीला लावू, वस्ताद. म्हणजे बाजूनंही दिसेल."

"बाजूला बघायचं तर मान वळवावी लागंल ना."

"क्षणभरच. आणि चूक तिथल्या तिथं कळेल. तुम्ही तरी किती जणांकडे बघणार?"

हे शेवटचे वाक्य त्यांना लागले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मी हे बोललो. आरसे लागले.

पहिला आठवडा गमतीत गेला. कधी नव्हे ते लोक केस विंचरून येऊ लागले. एक जण प्रत्येक फेरीनंतर दंड फुगवून उभा राही. वस्ताद त्याला म्हणाले, "व्यायामशाळा हाये का सलून? दाढी करून देऊ का?" माझा जोडीदार हसून हसून खाली बसला. तो स्वतः आरशासमोर उभा राहायला लाजत असे.

आरशाने काहीच दिले नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर माझा गुन्हा आरशाच्या पदरात टाकल्यासारखे होईल. माझा मागे राहणारा डावा हात मला पहिल्याच दिवशी दिसला आणि तीनचार आठवड्यांत तो उजव्याच्या बरोबरीने वर जाऊ लागला. कित्येक महिने सांगून जे झाले नव्हते ते एका दृष्टिक्षेपाने झाले. वस्तादांनीही मान्य केले. "खांद्याला बरा हाये तुझा आरसा," ते म्हणाले. जे समोर घडते, सावकाश घडते आणि दोन बाजूंनी सारखे व्हायला हवे, त्याला आरसा उपयोगी पडतो. आजही मी तेवढे त्याच्या बाजूने बोलेन.

पण खांद्यांवर बार घेऊन बैठका मारताना काहीतरी बिघडू लागले. लोक पूर्वी मांड्यांना कळे तिथवर खाली जात. आता डोळ्यांना पुरेसे वाटले की उठू लागले. गुडघे आत येतात की नाही हे बघण्याच्या नादात टाचा उचलल्या जात. डोळ्यांनी पाहून दुरुस्त करायला जो एक क्षण जातो, तेवढ्यात वजन पुढे निघून गेलेले असते. माझ्या जोडीदाराने हे माझ्याआधी ओळखले. "आरसामा देखस तं पाय मना वाटतस नही," तो म्हणाला. आरशात पाहिले की पाय माझे वाटत नाहीत.

मी त्याला सांगितले, सवय होईल.

उचलीच्या वेळी मान उजवीकडे वळवून पाठ तपासायला मीच त्याला शिकवले. त्याला गरज नव्हती. माझ्या कल्पनेचा सर्वांत चांगला नमुना तोच ठरेल असे मला वाटत होते. त्याने ऐकले, कारण मी शिकलेला होतो आणि तो मला मानत असे. पहिल्या काही दिवसांत माझ्या तळहाताला त्याच्या पाठीत एक बारीक पीळ जाणवला. मान वळली की उजवा खांदा जरासा मागे जाई आणि कण्याच्या एका बाजूचा स्नायू दुसऱ्याहून घट्ट होई. मी थाप मारली नाही. आरशात तर पाठ सरळच दिसत होती.

पुढे हातही काढला. कुणी तसे ठरवले नाही. आरशात सगळे दिसते तर कशाला टेकायचा, असे एकेका जोडीचे होत गेले. वस्ताद जवळ असले की आम्ही हात ठेवत असू, ते दुसरीकडे वळले की हाताची घडी घालून पाऊलभर मागे उभे राहत असू.

तो साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. संचे बंद होते आणि सकाळपासून व्यायामशाळा भरलेली होती. जोडीदाराने नेहमीपेक्षा दहा किलो जास्त चढवले. त्याला ते जड नव्हते. मी त्याच्या डाव्या बाजूला, जरा मागे उभा होतो. वस्ताद माठापाशी कुणाशी तरी बोलत होते. तो वाकला, त्याने बार धरला आणि मान उजवीकडे वळवली. मीही आरशात पाहिले. आरशात आधी तो होता आणि त्याच्या मागे मी होतो. दारातून तिरपे ऊन येत होते आणि ते माझ्या खांद्यावर पडले होते. मी खांद्याकडे पाहिले. दंड जरासा वळवून पुन्हा पाहिले.

मी एवढेच करत होतो.

आवाज मोठा नव्हता. बार जमिनीवर पडला आणि तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर झाला. तो ओरडला नाही. तोंड उघडे होते आणि हात कमरेकडे जात होते, पण पोचत नव्हते.

सगळे धावले. वस्ताद त्याच्याजवळ बसले. त्यांनी त्याचे पाय चाचपले, अंगठा हलवायला सांगितला. मग माझ्याकडे मान वर केली.

"हात कुठं होता तुझा?"

"पाठीवर, वस्ताद."

"थाप?"

"मारली. दोन मारल्या. तो आरशात बघत होता."

हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला तो आजही ऐकू येतो आणि त्यात काहीच खोटे वाटत नाही. वस्तादांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मान हलवली. सांगितलेले ऐकले नाही, मानच वळवली, मग हात तरी काय करणार, असे ते जमलेल्यांना म्हणाले. जोडीदार तिथेच, आमच्या पायांपाशी पडलेला होता. त्याला आधीच कमी ऐकू येई. त्याने हे ऐकले नसेल, असे मी त्याच दुपारी स्वतःला सांगितले आणि पुढे चार वर्षे सांगत राहिलो.

त्याचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी महिनोन् महिने पडून राहायला सांगितले. पुढे तो चालू लागला, पण डावे पाऊल जमिनीवरून नीट उचलले जाईना, आणि बारा तास उभे राहणे तर सुटलेच. बारा संचे दुसऱ्या कुणाकडे गेले. उधन्यापासून गोडादऱ्यापर्यंत त्याच्या गावाकडचे जेवढे लोक होते त्यांच्यात एकच गोष्ट पसरली. आरशात स्वतःला बघता बघता तो मोडला. चहाच्या टपरीवर मी स्वतः ती ऐकली. एक जण म्हणाला, "हिरो व्हाले गया व्हता," आणि इतर हसले. मी चहा संपवला, पेला खाली ठेवला आणि कामावर गेलो.

लिहिताना सर्वांत जड जाते ते यापुढचे. मी व्यायामशाळा सोडली नाही. बाजूचा आरसा वस्तादांनी काढायला लावला, समोरचा राहू दिला. मला दुसरा जोडीदार मिळाला. मी जवळपास सव्वा वर्ष रोज जात राहिलो आणि दुसऱ्यांच्या पाठीवर अगदी नेमाने हात ठेवत राहिलो. वस्ताद नव्या मुलांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, हात कसा ठेवायचा ते याच्याकडून शिका. मला त्याचे काही वाटत नसे. लाज नव्हती, भीतीही नव्हती. हात बराच वेळ अंगाखाली दबून राहिला की तो आपला वाटत नाही, तसे काहीसे होते. पुढे माझी कामाची पाळी बदलली आणि जाणे आपोआप थांबले.

जोडीदाराकडे मी पहिल्या महिन्यात दोनदा गेलो, मग चार वर्षे गेलो नाही. त्या दशकाच्या अखेरीस एका दुपारी आमच्या कारखान्यातून लेस लावायला बाहेर देण्याच्या साड्यांची यादी माझ्या हातात आली. बाहेर काम करणाऱ्यांत दिंडोलीचा एक पत्ता होता. तो त्याचा होता. त्या आठवड्याच्या सुट्टीला मी सकाळी तिथे गेलो.

बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन होते. तो पाठीशी उशी घेऊन त्यापुढे खुर्चीत बसला होता आणि साडीच्या काठाला लेस लावत होता. बायको खाली बसून तयार साड्यांच्या घड्या घालत होती. कोपऱ्यात साड्यांनी भरलेले एक मोठे पोटले, म्हणजे गाठोडे, गाठ मारून ठेवले होते.

"या भाऊ, या," ती म्हणाली. "आज कशी आठवण उनी?"

तो हसला. पूर्वीसारखाच हसला. मी त्याच्या जवळ बसलो, म्हणजे त्याला ऐकू येईल. मुलगी कितवीत आहे, काम किती मिळते, असे बोलणे झाले. चहा आला. बोलता बोलता बायकोने माझ्याकडे पाहून त्याच्या पावलाकडे हात केला.

"देखा तुमना दोस्तले. आरसामा देखाले गया आनि आते पाय वढत चालस. मी तं सांगस, नवरी व्हतू का रे तू?"

हे ती पहिल्यांदा बोलत नव्हती, हे उघड होते. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. त्याने मान खाली घालून मशीनचे चाक फिरवले.

मी कप खाली ठेवला. "तो आरशात बघत नव्हता," मी म्हणालो. "म्हणजे बघत होता, मी शिकवलं म्हणून. पण माझा हात त्याच्या पाठीवर नव्हता. थापही मारली नाही. मी आरशात स्वतःला बघत होतो. वस्तादांना मी खोटं सांगितलं."

मी हे मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितले. मशीन थांबले. बायकोच्या हातातली घडी अर्धी तशीच राहिली.

"माले माहीत शे," तो म्हणाला.

"ऐकलं होतंस?"

"आयकाले काय लागस?" त्याने हात मागे नेऊन कमरेच्या वर टेकवला, बरोबर त्या जागी. "हात व्हता का नव्हता, मन्ही पाठले समजस नही का?"

इतकी साधी गोष्ट चार वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. त्याला ऐकू आले की नाही एवढाच विचार मी करत राहिलो होतो. सूचना कातडीवरून द्यायची हा नियम मला पाठ होता, आणि त्या कातडीला खरे कळलेले असेल हे मला सुचले नाही.

"मग सांगितलं का नाहीस? लोक काय काय बोलले."

त्याने लेसचा सुटलेला धागा दाताने तोडला. "तू सांगशी आसं वाटनं. वाट देखी. मंग सवय पडनी."

बायको अजून माझ्याकडे बघत होती. मग त्याच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "मंग इतला दिन मी याले फुकटच बोलनू का?" तिने अर्धी राहिलेली घडी पुरी केली, ती बाजूला ठेवली आणि कप उचलून आत गेली. आत भांड्यांचा आवाज आला नाही.

मी माफी मागितली. त्याने ती ऐकली, मान हलवली. माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि मी तसे म्हणवून घेतले नाही. मी वस्तादांनाही सांगेन असे म्हणालो. तो म्हणाला, सांग. पुढच्या आठवड्यात मी सांगितले. त्यांनी समोरचा आरसा उतरवला, आणि उतरवताना मला धरू लागायला सांगितले नाही.

पण त्या सकाळी निघण्याआधी एक झाले. मी उठलो तेव्हा जोडीदाराने कोपऱ्यातल्या पोटल्याकडे बोट केले. दुपारी टेम्पो येणार होता आणि पोटले दाराशी हवे होते. एरवी शेजाऱ्याला बोलवावे लागे.

"तेवढं दारपान ठी दे."

मी पोटल्यासमोर पाय रोवले, वाकलो, गाठीखाली दोन्ही हात घातले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एक पाऊल टेकले, दुसरे ओढत आले. मग माझ्या कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूने, त्याचा तळहात टेकला.

मी थापेची वाट पाहिली. एक तरी बसेल असे वाटले, कारण मला वजन उचलून दोन-तीन वर्षे झाली होती. बसली नाही. हात नुसता टेकलेला राहिला. मला काहीतरी वाटायला हवे होते, पण तेव्हा फक्त पोटल्याचे वजन जाणवत होते आणि सदऱ्यातून त्याच्या हाताची ऊब. मी पोटले उचलले आणि दाराशी नेऊन ठेवले.